केळी बांधायच्या पट्ट्या

"निसर्ग गरीब-श्रीमंत बघत नाही," असं जिल्ह्याहून आलेले साहेब आमच्या गावच्या मारुतीच्या पारावरून माईकवर म्हणाले, तेव्हा मी आईच्या शेजारी सतरंजीवर बसले होते. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, वाक्य चांगलं होतं. साहेबांचं म्हणणं खरंही असेल. वारा बिचारा कुणाची सातबाऱ्यावरची नावं वाचून येत नाही. पण त्याला कुठून तरी सुरुवात करावी लागते, आणि आमच्या गावात तो दर वर्षी आमच्या वस्तीपासून सुरुवात करतो. त्यानंतर पुढे जायला त्याच्या अंगात फारसा जोर उरत नाही, म्हणून गावातल्या लोकांना तो समजूतदार वाटतो.

त्या सभेत आईचा सत्कार होता. कशाबद्दल, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आमचं गाव भडगाव तालुक्यात, गिरणेपासून थोडं आत. पूर्वेला शाळा, मग मारुती, मग दुकानं, मग आबांचं तीन मजली स्लॅबचं घर. घरामागे आबांचा केळीचा मळा. मळा संपला की पार पश्चिमेला मुरमाचं उघडं टेकाड, आणि त्यावर आमची वस्ती. मळ्यात राबणाऱ्यांची, घड कापणाऱ्यांची, निंदणी-खुरपणी करणाऱ्यांची घरं. मातीच्या विटांच्या भिंती आणि वर पत्रे. त्या टेकाडावर कुसळसुद्धा धड उगवत नाही, म्हणून माझ्या आजोबांच्या वेळी गावानं मोठ्या मनानं ती जागा आम्हाला दिली. जिथं पीक येत नाही तिथं माणसं लावून बघायची, असा काहीसा विचार असणार. माणसं बऱ्यापैकी लागली.

एकदा केळीचे एक सल्लागार मळा बघायला आले होते. मी तेव्हा कॉलेजात होते आणि सुट्टीत आईबरोबर कामाला जायची. त्यांनी टोपी काढून चारी दिशांना नजर फिरवली आणि आबांना म्हणाले, "तुमचं नशीब चांगलं. पश्चिमेकडून मळ्याला नैसर्गिक आडोसा आहे." मी वळून पाहिलं. पश्चिमेला आमचं घर होतं. आई दोरीवर लुगडं वाळत घालून आली होती, ते त्या नैसर्गिक आडोशावर फडफडत होतं.

आबा वाईट माणूस नाहीत, हीच पंचाईत आहे. वाईट असते तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. एकादशीला वस्तीत केळी वाटतात, कुणाच्या घरी मयत झाली तर आधी येतात, आईला अक्का म्हणतात. फक्त त्यांचा जीव केळीत आहे. केळीचं रोप त्यांच्याकडे क्रेटमध्ये बसून येतं, नव्या नवरीला आणावं तसं. थंडीत त्याला कापडाची टोपी मिळते. पाणी आणि खत नळीतून वेळेवर मिळतं, मागावं लागत नाही. घड आला की त्याला पिशवी घालतात, डाग पडू नये म्हणून. झाड वाऱ्यानं मोडू नये म्हणून प्रत्येक झाडाला प्लॅस्टिकच्या रुंद पट्टीनं शेजारच्या झाडाशी बांधतात. शिवाय विमा. वारा किती सुटला हे मोजायला तालुक्यात एक यंत्र आहे, ते केळीच्या वतीनं साक्ष देतं. आई हे सगळं करून घरी यायची, पाय पसरायची आणि म्हणायची, "केळीले बठ्ठं भेटस, माय." केळीला सगळं मिळतं म्हणण्यात हेवा नव्हता. पोरीला चांगलं घर मिळालं असं सांगावं, त्या सुरात म्हणायची.

आणि आमच्याकडे वाऱ्याची तयारी काय? पत्र्यावर दगड. आत छपराच्या लाकडी बल्लीला एक दोर बांधलेला. वैशाखात दुपार कलली, पश्चिमेला आभाळ मातकट झालं, की आई तो दोर दोन्ही हातांनी धरून जमिनीवर बसायची आणि सगळं वजन त्याला द्यायची, छप्पर उचललं जाऊ नये म्हणून. वडील गेल्यावर ती एकटीच असायची. तिचं वजन असं कितीसं! एका वर्षी शेजारच्या घराचा पत्रा सुटला आणि अंगणात उभ्या बाईच्या खांद्यात शिरला. तिचा तो हात आजही डोक्याच्या वर जात नाही. तेव्हापासून माझं लग्न होऊन मी जळगावात आले तरी मे महिना लागला की माझा जीव त्या दोराला लटकलेला असतो.

चार वर्षांपूर्वीच्या वादळात पत्रे गेले. सगळेच. आईच्या हातात दोर राहिला आणि दोराला बल्लीचा तुकडा. पाठीमागची भिंतही बसली. तिला काही झालं नाही, हे नशीब. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा गावात एक बातमी फिरत होती: पंचनामा होणार, आणि ज्याचं घर 'पूर्ण पडलं' असं लिहिलं जाईल त्याला शाळेच्या मागच्या जागेत स्लॅबचं घर मंजूर होणार. पूर्वेला, गावाच्या आडोशाला. आईचे डोळे लकाकले. इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी म्हणाली, "एक उन्हाळा ते दोर न धरता झोपसू."

मग तिनं काय केलं? साहेब येणार म्हणून घर आवरलं.

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. तिनं शेतात जाऊन पत्रे शोधून आणले, ठोकून सरळ केले, शेजाऱ्यांच्या मदतीनं वर टाकले. पडलेल्या भिंतीच्या विटा रचून ठेवल्या, वर ताडपत्री लावली. अंगण शेणानं सारवलं. रांगोळी काढली. अख्ख्या वस्तीतल्या बायांनी तेच केलं. मी ओरडले तर म्हणाली, "घर पडनं म्हनीसन आंगन झाडानं नही का? चार मानसं यी राहिनात." पाहुणा येणार आणि घरात पसारा, ही कल्पनाच आमच्याकडच्या बाईला सहन होत नाही. वादळ परवडलं.

तलाठी आले. आता त्यांना तलाठी म्हणायचं नाही, पदाचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालंय. वारा तेवढा जुन्याच नावानं येतो. त्यांनी चहा घेतला, चहाला नावाजलं, फोनमध्ये फोटो काढला. फोटोत काय दिसणार? वर पत्रे, खाली रांगोळी, मधे डोक्यावर पदर घेऊन हसणारी बाई. "नुकसान दिसत नाही आजी," ते म्हणाले, आणि त्यांचीही चूक म्हणता येईना. जे दिसलं ते लिहिलं.

तिकडे मळ्यातली केळी मात्र आडवीच होती. आबांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. आठवडाभर केळी तशीच पडून, वरून, खालून, बाजूनं फोटो काढून घेत होती. केळीला उठायची घाई नव्हती, तिला रात्री कुणाला झोपवायचं नव्हतं. माणसाचं तसं नसतं. संध्याकाळी चूल पेटवावी लागते, आणि चूल पेटवायची तर वर काहीतरी लागतं. नुकसान दाखवायला सवड लागते, हे मला त्या दिवशी कळलं. ती सवडसुद्धा ज्याची त्याची ऐपत असते.

पुढच्या वर्षी वस्ती शहाणी झाली. देवळापुढे बसून ठरलं की या वेळी कुणी काही उचलायचं नाही. वारा आला, पत्रे गेले, आणि आमच्या बायांनी कधी नव्हे तो पसारा पाळला. आई मावशीकडे धुळ्याला जाऊन राहिली. तिला मुद्दाम पाठवावं लागलं, घरासमोर असती तर तिच्यानं राहवलं नसतं. बाकीचे कुणी शाळेच्या व्हरांड्यात, कुणी नातेवाइकांकडे. पंचनामा आधी केळीचा झाला, मग लिंबूबागेचा, मग पोल्ट्रीचा. आमच्याकडे यायला उशीर झाला. तोवर भिंतींना पाऊस लागून त्या विरघळल्या होत्या, दारात गवत आलं होतं, आणि आईच्या चुलीत कुत्रीनं पिल्लं घातली होती.

आले ते दुसरे साहेब होते. त्यांनी गवत पाहिलं, पिल्लं पाहिली आणि विचारलं, "इथं कुणी राहत नाही वाटतं?" आई निरोप मिळाल्यावर धुळ्याहून धावत आली होती, घामाघूम उभी होती. म्हणाली, "सायेब, आठे आम्ही ऱ्हातस." साहेब म्हणाले, "आजी, जुनं पडीक दिसतंय. राहतं घर पडलं तर धरतात." म्हणजे उभं केलं तर पडलं नाही, आणि पडू दिलं तर राहत नाही. कुठल्या तऱ्हेनं पडलं म्हणजे चालेल हे कुणी सांगेना. मी विचारलं. साहेब गोड हसले आणि पुढच्या घराकडे गेले. मला इतका संताप आला की त्यांच्या पाठीवर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. हाताशी कुत्रीची पिल्लं सोडून काही नव्हतं.

मी आईला जळगावला घेऊन आले. वाऱ्यापासून सोडवलं असं मला वाटलं. आमचं बिऱ्हाड एका इमारतीच्या गच्चीवर आहे. मालकानं गच्चीवर दोन खोल्या काढल्यात आणि त्यावर, अर्थातच, पत्रे. मी डाळमिलच्या ऑफिसात कूलरसमोर बसते, नवरा रिक्षा चालवतो, निदान चालत्या रिक्षात हवा लागते. आई दिवसभर त्या खोलीत. जळगावचा मे महिना काय असतो हे सांगायला नको. मालक खाली दोन स्लॅबच्या सावलीत एसी लावून झोपतो, आणि त्या एसीचं गरम हवा फेकणारं खोकं आमच्या जिन्यात. आई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन दारात बसून राहायची. एका दुपारी ती चक्कर येऊन पडली, सलाईन लावावं लागलं. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "तठे वारा ते व्हता. आठे ते नुसता तवा शे." दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई प्रेमळ होत्या. म्हणाल्या, दुपारी बारा ते चार थंड जागी बसत जा. आईनं मला हळूच विचारलं की ती जागा कुठं आहे.

बरी झाल्यावर ती परत गावाला गेली आणि शेजाऱ्यांच्या मदतीनं भिंती रचून जुनेच पत्रे वर चढवले. मी फार अडवलं नाही. कुठल्या पत्र्याखाली राहायचं हे तिनं ठरवलं होतं, आणि तिचा पत्रा निदान ओळखीचा होता.

मागच्या वर्षी आईला मळ्यात पट्ट्या बांधायचं काम होतं. घड कापून झालेल्या झाडांच्या जुन्या पट्ट्या काढून बांधावर टाकत, त्या तशाच पडून राहत, उन्हात भाजत. आईनं त्या गोळा केल्या. एकटीनं नव्हे, वस्तीतल्या चौघीजणींनी. धुतल्या, एकीला एक गाठ मारून लांब केल्या, आणि केळीला बांधतात तशाच पत्र्यावरून आडव्या-तिडव्या घेऊन खाली मुरमात पुरलेल्या दगडांना ताणून बांधल्या. घर कसं दिसत होतं म्हणाल तर रुखवतातल्या डब्यासारखं. वादळ आलं. आई दोर धरून बसली, पण दोराला ओढ आलीच नाही. वारा पत्र्यावरून घासून गेला, पट्ट्या गुणगुणल्या, आणि छप्पर जागचं हललं नाही. मला फोनवर सांगताना तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. मी डाळमिलच्या जिन्यात उभी राहून रडले.

पंचनाम्याचे साहेब आले. घर उभं. अर्थात नुकसान नाही, यादीत नाव नाही, शाळेमागच्या जागेचा प्रश्नच नाही. पण या साहेबांना कौतुक वाटलं. त्यांनी पट्ट्या बांधलेल्या छपराचा फोटो काढला आणि खाली लिहिलं की लोकांनी स्वतः पुढाकार घेऊन आपत्तीशी सामना केला. फोटो तालुक्याच्या ग्रुपवर गेला, तिथून जिल्ह्याच्या, आणि फिरत फिरत आबांच्या फोनवर आला.

आबांनी फोटो मोठा करून बघितला. छप्पर नाही बघितलं, पट्टी बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः चालत वस्तीत आले, माणूस नाही पाठवला. "अक्का, ह्या पट्ट्या आपला मळामधल्याच शेतस ना?"

"हा आबा, तुमन्याच शेतस. बांधवर पडेल व्हत्यात."

आबा संकोचले. खरंच संकोचले, मी आईला तीनदा विचारून खात्री केली आहे. म्हणाले, या वर्षी पट्ट्या महाग झाल्यात, जुन्यांवर अजून एक हंगाम निघतो, आणि नवी लागवड उभी आहे, वाऱ्याचा भरवसा नाही. वाऱ्याचा भरवसा नाही हे त्यांनी आईला सांगितलं! आईनं त्यांना चहा पाजला. मग शिडी लावून स्वतःच्या हातानं पट्ट्या सोडल्या, घड्या घातल्या आणि दिल्या. पुढच्या आठवड्यात त्याच पट्ट्या तिनं मळ्यात नव्या झाडांना बांधल्या. तिच्याच गाठीच्या खुणा त्यांच्यावर होत्या, म्हणून तिला ओळखू आल्या. मी चिडून म्हटलं, निदान सैल तरी बांधायच्या होत्यास. तिला ते पटलं नाही. झाडानं तिचं काय वाकडं केलं होतं?

तर ती सभा. या वर्षीच्या मे महिन्यात, वादळाचे दिवस येण्याआधी लोकांना जागं करायला घेतलेली. संध्याकाळची वेळ, मारुतीच्या पारामागे पांढरा पडदा लावलेला. साहेबांनी आधी सांगितलं की निसर्ग गरीब-श्रीमंत बघत नाही. मग सांगितलं की काही लोकांचं नुकसान जास्त होतं कारण त्यांच्याकडे जागरूकता कमी असते. मग पडद्यावर फोटो आला: आईचं घर, पट्ट्यांसकट. "यांच्याकडून शिका," साहेब म्हणाले. आबा पुढच्या खुर्चीवर बसले होते, त्यांनी सगळ्यात आधी टाळी वाजवली. आईला पुढं बोलावलं, शाल दिली, नारळ दिला, आणि माईक तोंडापुढे धरला. "आजी, दोन शब्द बोला."

आईनं मागं वळून पडद्याकडे बघितलं. आपलं घर एवढं मोठं तिनं कधी बघितलं नव्हतं.

"फोटो भारी शे, सायेब," ती म्हणाली. "पन त्या पट्ट्या आते केळीले बांधेल शेतस. मना घरवर दगडच शेतस. फोटो परत काढना पडी."

लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करते आहे. साहेबही हसले आणि पुन्हा टाळ्या पडल्या. मी आबांकडे बघत होते. ते हसले नाहीत, खाली बघून उपरण्याची दशी सारखी करत बसले. तेवढ्यावर एखाद्याला चांगलं म्हणायचं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आभारप्रदर्शन अर्ध्यावर असताना पडदा फडफडायला लागला. आईच्या घराचा फोटो पोटात हवा भरल्यासारखा फुगला. कुणीतरी म्हणालं, आभाळ बघा. मळ्याच्या पलीकडे, पश्चिमेला, मातकट भिंत उभी राहिली होती. साहेबांची गाडी सुरू झाली. माईकवाल्यानं वायरी गुंडाळल्या. सगळ्यांना घरी पोचायची घाई झाली आणि लोक वाऱ्याकडे पाठ करून पूर्वेला, शाळेकडे पळत सुटले.

मी आईचा हात धरला. म्हटलं, आज शाळेत थांबू. तिनं नारळ माझ्या हातात दिला, शाल डोक्यावरून घट्ट गुंडाळली. म्हणाली, दोर धरायला घरात कुणी नाही.

मग आम्हीही घरी निघालो. आमचं घर वाऱ्याच्या बाजूला होतं.